प्रभूच्या मेजाचा रस

आमच्या घरी काळ्या मनुका महिन्यातून एकदा यायच्या, आणि त्या खायच्या नसत. उल्हासनगरच्या बाजारात एक सिंधी दुकानदार होता, त्याच्याकडूनच आई त्या घ्यायची. तो आईला ‘दीदी’ म्हणायचा आणि आमच्या देवाची त्याला आमच्यापेक्षा जास्त काळजी. "दीदी, चर्चवाला माल है ना? एक भी डंडी नहीं मिलेगी," असं म्हणून तो मनुका परातीत पसरून स्वतः निवडून द्यायचा. मी आणि धाकटी बहीण नाओमी त्या परातीकडे बघत उभ्या राहायचो. त्याने एखादी मनुका आमच्या हातावर ठेवली तर खायची परवानगी होती, कारण ती अजून विकत घेतलेली नसे. एकदा का पुडी आईच्या पिशवीत गेली की ती प्रभूची झाली. हा फरक आम्हाला इतका पक्का ठाऊक होता की आम्ही त्या दुकानात नेहमी थोडा जास्त वेळ रेंगाळायचो.

आमची मंडळी, म्हणजे चर्चची सभा, लहान होती, अंबरनाथला. आम्ही राहायचो बदलापुरात, हेंद्रेपाड्यात. पप्पा मंडळीच्या वडीलमंडळावर होते, म्हणजे पाळकसाहेबांच्या बरोबरीने मंडळीचा कारभार पाहणारे जे चार-पाच पोक्त सभासद असतात, त्यांपैकी एक. म्हणून महिन्याच्या प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी मेजावरून सभासदांना वाटायच्या पाव-रसाची, तयारी आमच्याकडे असायची. रविवारी भोजन, तर शुक्रवारी रात्री मनुका भिजत पडायच्या आणि शनिवारी दुपारी आई त्या कुस्करून, उकळून, पंच्याच्या फडक्यातून गाळायची. घरभर एक गोड, जरासा करपट वास सुटायचा. तो वास आला की आम्ही आपोआप हळू बोलायला लागायचो. रसासाठी एक वेगळं पातेलं होतं. त्यात दुसरं काहीही शिजायचं नाही, ते इतर भांड्यांबरोबर घासायचंही नाही, आणि ते ठेवायची फळीसुद्धा वेगळी. पाव पप्पा कापायचे. स्टीलची फूटपट्टी धुऊन-पुसून घ्यायची, पावाच्या कडा काढायच्या आणि मग आतल्या भागाचे अगदी एकसारखे चौकोन. एखादा चौकोन तिरका गेला तर पप्पांचा चेहरा असा व्हायचा की जणू कोणीतरी त्यांच्या कंपनीत गॅसच्या टाकीशेजारी विडी पेटवली. कडा आम्हाला मिळायच्या. कडा मेजावर जाणार नव्हत्या, म्हणून त्या पवित्र नव्हत्या. दुधात बुडवून खाल्लेल्या त्या कडांइतका चांगला पाव मी नंतर कुठेही खाल्ला नाही, आणि माझा मुलगा मला हल्ली भलत्या महागड्या बेकऱ्यांत घेऊन जातो.

पप्पा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टीचं काम बघायचे. दिवसभर त्यांचं काम एकच, नियम पाळले जातायत की नाही ते पाहणं. हेल्मेट घातलं का, झडप बंद केली का, पाटीवर लिहिलंय ते वाचलं का. ते वाईट नव्हते, कडकही म्हणता येणार नाहीत. त्यांनी कधी आमच्यावर हात उचलला नाही. पण नियम मोडला की माणूस भाजतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि कंपनीतली ती भीती ते नकळत घरी आणि मंडळीतही घेऊन यायचे. आता मला ते कळतं. तेव्हा मला एवढंच वाटायचं की आमच्या घरात जरा जास्तच पाट्या आहेत.

मी त्या वर्षी पूर्ण सभासद होणार होते. म्हणजे मंडळीपुढे उभं राहून विश्वास कबूल करायचा आणि मग आयुष्यात पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायचं. त्याची तयारी आमच्याकडून वडीलमंडळाचे प्रमुख करून घ्यायचे. ते निवृत्त हेडमास्तर होते आणि सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मास्तर आधी देवाच्या दहा आज्ञा म्हणून घ्यायचे, आणि त्याच दमात, त्याच सुरात, मंडळीचे नियम. खून करू नको. चोरी करू नको. उपासना चालू असताना पाणी पिऊ नये. स्त्रियांनी डोक्यावर पदर घ्यावा. खोटी साक्ष देऊ नको. मेजासाठी तयार केलेलं मेजावाचून कोणाच्या मुखी जाऊ नये. घोकून घोकून माझ्या डोक्यात त्याची अशी मिसळ झाली होती की एकदा मी पाणी पिण्याचा नियम सीनाय पर्वतावरून आला असं छातीठोकपणे सांगितलं. पाळकसाहेब तरुण होते, नगरकडचे, त्यांना हसू आवरलं नाही. मास्तर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले की मंडळीचा नियमही देवाच्याच घरचा असतो, तेव्हा फार चूक नाही.

आमची खोली जानकीमावशीच्या चाळीत होती. मावशी तिथली मूळची, आगरी. भातशेती, जागा, चाळ सगळं तिचं. तिच्या एकुलत्या एक मुलाचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं आणि सून वैशाली सातव्या महिन्यात होती. वैशाली माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. दुपारी ती आमच्याकडे येऊन आईच्या शिलाई मशीनपाशी बसायची आणि काहीबाही बोलत राहायची. आई तिला चिंचेचा गोळा द्यायची. आज त्या जागी लिफ्टची सात मजली इमारत आहे, खाली दाताचा दवाखाना आहे, आणि चाळ कुठे होती ते दाखवायला गेले तर मलाच चुकायला होतं.

त्या वर्षी हरतालिका शनिवारी आली. दुसऱ्या दिवशी गणपती, आणि दुसऱ्याच दिवशी आमचं प्रभुभोजन. चाळीत सकाळपासून नुसती धावपळ. मावशीच्या ओटीवर मखर लागत होतं, बायका पत्री निवडत होत्या, सगळ्यांच्या हातांवर मेंदी. आमच्या स्वयंपाकघरात आई मनुकांचा रस गाळत होती. दुपारी वैशाली कात्री मागायला आली, मखराचा कागद कापायला. हिरवा चुडा, नवी साडी. मी कात्री शोधत होते तेवढ्यात ती दाराच्या चौकटीला हात टेकून म्हणाली, "काकू, अंधार अंधार होतोय." आणि तशीच खाली बसली, मग कलंडली.

तिने सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. आई धावली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळावर थंड घाम, ओठ पांढरे. आईच्या हातात रस गाळायचा पेला होता, पातेल्यातून नुकताच भरलेला, कोमट. तिने तो वैशालीच्या ओठांना लावला. वैशालीने तशाही अवस्थेत मान फिरवली आणि पुटपुटली, "उपास आहे माझा."

आई म्हणाली, "तुझ्या उपासाचं मी देवाशी बोलते. तू पी."

ती प्यायली. आईने तोच पेला पुन्हा पातेल्यात बुडवला, पुन्हा पाजला. मी कात्री हातात धरून उभी होते. मला आजही आठवतं, वैशालीला काय होतंय याच्याआधी माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की आईने उष्टा पेला त्या पातेल्यात घातला. मला वाटलं आता काहीतरी होणार. पत्रा उडेल, निदान फळी तरी पडेल. काही झालं नाही. वैशालीच्या ओठांवर हळूहळू रंग आला.

मग जानकीमावशी आली, आणि तिच्या मागून पाच-सहा बायका दारात जमल्या. मावशीने सुनेच्या हनुवटीवर ओघळलेला काळा रस पाहिला. ती म्हणाली, "काय पाजलंस गो तिला?"

आईला थापा मारता आल्या असत्या. सरबत म्हणाली असती तर कोणाला कळणार होतं? पण आई म्हणाली, "आमच्या देवाच्या मेजावरचा रस आहे. काळ्या मनुकांचा. दारू नाही." दारातल्या बायकांत एकदम कुजबुज झाली. मावशीने आईकडे रोखून पाहिलं. दोघी-तिघींनी वैशालीला धरून नेलं, आणि आमच्या दारासमोर कोणीच उरलं नाही.

संध्याकाळपर्यंत चाळीतल्या प्रत्येक खोलीत ती गोष्ट पोहोचली होती आणि पोहोचता पोहोचता वाढली होती. नळावर मला एकीने विचारलं की तुम्ही मंत्रही म्हटला का. गणपती मंडळाची काही पोरं कोपऱ्यावर उभी राहून आमच्या खोलीकडे बघत होती. ‘बाटवली’ हा शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकला. आईने दार बंद केलं नाही. ती मशीनवर बसून राहिली, पण मशीन चालवत नव्हती. मला इतकी भीती वाटत होती की मी नाओमीचा हात धरून पलंगाच्या कोपऱ्यात बसले होते आणि पप्पा लवकर यावेत म्हणून देवाची विनवणी करत होते. पप्पा आले की सगळं ठीक होईल अशी माझी खात्री होती. आज या वाक्याचं हसू येतं.

दिवेलागणीला जानकीमावशी एकटीच आली. उंबऱ्याच्या आत येऊन खाली बसली. "डाक्टर बोलला पोर बरा हाय," ती म्हणाली. "साकर उतरलेली तिची. मी बोललेली तिला, केला खा, दूद घे, दोन जिवांची हायस. आयकली नाय. माजीच पोर, माज्यासारकी हट्टी."

आई म्हणाली, "मावशी, तुमचा उपास मोडला माझ्या हातून."

"देवीचा मोरला, माजा नाय," मावशी म्हणाली. "आनि तिचा सोताचा पोर उद्या आमचे घरा येनार. तिला आयचा जीव कलत नसल काय?" मग ती उठून कोपऱ्यापर्यंत गेली आणि त्या पोरांना काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण ती पोरं मखराच्या कामाला लागली. मी थक्क झाले. ज्यांची भीती होती त्यांच्याकडचं प्रकरण एका वाक्यात मिटलं होतं. मला वाटलं, सुटलो.

पप्पा शिफ्ट संपवून आले. आईने त्यांना पाणी दिलं आणि सगळं सांगितलं, वैशाली पडली, रस पाजला, डॉक्टर, मावशी, सगळं. पप्पांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या भांड्यातला?"

वैशाली कशी आहे असं नाही. बाळ कसं आहे असं नाही. आई म्हणाली, "त्याच पातेल्यातला."

"तोच पेला परत बुडवलास?"

"हो."

"घरात साखर नव्हती?"

"होती. पण हातात हे होतं."

पप्पांनी बूट काढले नव्हते. ते तसेच उठले आणि अंबरनाथला मास्तरांकडे गेले. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपण सांगावं, हे त्यांचं म्हणणं. कंपनीतही त्यांची तीच पद्धत होती, आपल्या खात्यात चूक झाली की आधी आपणच जाऊन कळवायचं. पण ही कंपनी नव्हती आणि आई त्यांचं खातं नव्हती. आपला बाप आपल्या आईची तक्रार करायला गेला आहे, ही गोष्ट मला त्या संध्याकाळी नीट गिळता आली नाही, आणि खरं सांगायचं तर आजही तिचा एखादा घास अडकतो.

रविवारी प्रभुभोजन झालं नाही, पुढच्या महिन्यावर ढकललं. उपासनेनंतर वडीलमंडळ बसलं. तिथे काय झालं ते पाळकसाहेबांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ते म्हणाले होते की रसावर प्रार्थना झालेली नव्हती, तेव्हा तो नुसता मनुकांचा रस होता. आणि झाली असती तरी काय? भुकेलेल्या दावीद राजाने याजकांसाठी राखलेली भाकर खाल्ली तेव्हा प्रभूने राजाचीच बाजू घेतली. त्यावर मास्तर म्हणाले, "तो राजा होता." पाळकसाहेब मला हे सांगताना हसले, पण त्या दिवशी तिथे कोणी हसलं नसणार. ठरलं ते असं. बाप्तिस्मा न झालेल्या बाईला मेजाचा रस दिला म्हणून आईने मंडळीसमोर उभं राहून माफी मागावी. मागेपर्यंत तिने शेवटच्या बाकावर बसावं आणि तिला प्रभुभोजन मिळू नये.

हे आम्हाला पप्पांनीच जेवताना सांगितलं. बाहेर चाळीत आरती चालू होती, टाळ-झांजा, त्यामुळे त्यांना जरा मोठ्याने बोलावं लागलं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मीही हात वर केला. बायको कोणाची हे बघून नियम बदलत नाही."

मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मला वाटलं आई रडेल, नाहीतर भांडेल. आईने त्यांच्या ताटात आमटी वाढली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी माफी मागणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटत नसताना वाटतं म्हणून देवासमोर सांगितलं तर ती खोटी साक्ष होईल. ती देऊ नको असं देवाने सांगितलंय, की तेही मास्तरांनीच?"

पप्पांनी आमटीत भाकरी कुस्करली. त्यानंतर आई-पप्पा बोलायचे, पण कामापुरतं. गॅस संपत आलाय, नाओमीची फी, उद्या पहिली पाळी. रसाचं ते पातेलं झाकून तसंच फळीवर राहिलं. उष्ट्या झालेल्या रसाचं काय करायचं याचा नियमच नव्हता, म्हणून पप्पा त्याला हात लावेनात आणि आई मुद्दाम लावेना. शेवटी त्याच्यावर बुरशी आली तेव्हा आईने ते मोरीत ओतलं आणि पातेलं घासायला इतर भांड्यांत टाकलं. पप्पांनी पाहिलं.

आणि मग पुढच्या महिन्यात, भोजनाच्या दोन दिवस आधी, मास्तरांची बायको आमच्या दारात उभी. हातात पुडी. मला पुडी बघूनच कळलं, कारण वास ओळखीचा होता. त्या चुळबुळत म्हणाल्या की त्यांनी स्वतः करून पाहिला पण रस आंबला, दुसरीने केला तो कडवट झाला, तर एवढं या महिन्यापुरतं... म्हणजे माझी आई मेजापाशी बसायला अपात्र होती, पण मेज मांडायला पात्र होती. अशी मागणी करताना माणसाला लाज कशी वाटत नाही, हे मला समजेना. आई आता पुडी अंगावर फेकणार असं मला वाटलं, आणि मला ते हवं होतं. आईने पुडी घेतली, परातीत पसरली आणि काड्या निवडायला बसली.

त्या गेल्यावर मी आईला खूप बोलले. तुला काही मान आहे की नाही असंही म्हटलं. आई काड्या वेचत राहिली. मग म्हणाली, "हा रस काय मास्तरांचा आहे?" आणि मला म्हणाली, "तुझं पहिलं भोजन आहे. ते दुसऱ्या कोणाच्या हातचं कडू पाजू काय तुला?"

तो रविवार आला. अंबरनाथचं आमचं उपासनेचं घर म्हणजे एक लांबट हॉल. पुढे मेज, मधून वाट, तिच्या डाव्या बाजूला पुरुष आणि उजव्या बाजूला बायका. नवरा-बायको, नवी जोडपीसुद्धा, दारातून आत आली की दोन बाजूंना पांगायची. आम्ही पूर्ण सभासद होणारी मुलं पुढच्या बाकावर. आई बायकांच्या बाजूला अगदी शेवटच्या बाकावर एकटी, पांढरी साडी, डोक्यावर पदर, शेजारी तिची पिशवी. मास्तरांनी तेवढी माणुसकी दाखवली होती की पप्पांना पुरुषांच्या बाजूला वाढायला सांगितलं, बायकांकडे दुसरे कोणी गेले असते. पप्पांनी नाही म्हटलं. म्हणाले, "माझ्या घरचं मीच बघतो." हे मी स्वतः ऐकलं, कारण मी तिथेच उभी होते. दुसऱ्या कोणी आईला वगळलं असतं तर मी सोसलं असतं.

आमची कबुली झाली. आम्हाला भाकर आणि प्याला मिळाला. एवढ्या वर्षांत घरभर जो वास मी घेतला होता त्याची चव मला तेव्हा पहिल्यांदा कळली. गोड होता, आणि कडेला जरासा करपलेला. मला धड प्रार्थनाही सुचली नाही. मग नव्या सभासदांनी आपापल्या जागी जाऊन बसायचं होतं. मी मुद्दाम मागे गेले आणि आईच्या पुढच्याच बाकावर बसले.

पप्पा रसाच्या प्याल्यांचं तबक घेऊन बाकांमागून बाक पुढे सरकत होते. पेटीवर गीत चालू होतं, ते फार सावकाश म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. पप्पा माझ्या बाकाशी आले, मला मिळालेलं होतं म्हणून माझ्या पलीकडच्या आजींना दिलं, आणि शेवटच्या बाकाशी थांबले. मागे वळून पाहायचं नाही असाही एक नियम होता. मी वळून पाहिलं. आईने मान खाली घातलेली नव्हती. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती, रागाने नाही, विनवणीनेही नाही, नुसती बघत होती. तबकात तिने स्वतः उकळून गाळलेला रस होता. मग ते वळले आणि मेजाकडे परत गेले. त्यांनी वगळलं तिला.

वडीलमंडळी सगळ्यांच्या शेवटी, मेजापाशी उभं राहून, सगळ्यांसमोर घेतात. पाळकसाहेबांनी त्यांना एकेक प्याला दिला. मास्तर प्यायले, बाकीचे प्यायले. पप्पा प्याला हातात धरून उभे राहिले. गीताचं कडवं संपलं तरी ते तसेच. मग त्यांनी तो भरलेला प्याला परत तबकात ठेवला. मास्तर हळूच "घ्या, घ्या" म्हणाले ते पहिल्या बाकांना तरी ऐकू गेलंच असेल. पप्पांनी नकारार्थी मान हलवली आणि मधल्या वाटेने चालायला लागले. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये, ते बाहेर चाललेत. ते पुरुषांच्या बाजूला वळले नाहीत. ते शेवटपर्यंत आले, बायकांच्या बाजूला वळले आणि आईच्या बाकाच्या कडेला येऊन टेकले, बायकांमध्ये, सूट घालून, सगळ्या मंडळीच्या देखत. पेटी वाजवणाऱ्याचा सूर चुकला. आमच्या मंडळीत असं कधी झालं नव्हतं, आणि माझ्या बापाच्या हातून तर ते होईल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

आई कुजबुजली, "ही बायकांची बाजू आहे."

"माहीत आहे."

"आत्ता मला वगळून गेलात ना?"

"गेलो. नियम होता तो पाळला," पप्पा म्हणाले. "पण तुला सोडून माझ्या घशाखाली उतरेना."

आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी धड बोललीही नाही. पण तेव्हा तिने बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, म्हणजे त्यांना नीट बसता येईल.